सोळा मिलिसेकंदांचं आवर्तन

मे महिन्यातली दुपार होती. राहुरी फॅक्टरीला बहिणीकडं सकाळपासून लाईट नव्हती, म्हणून भाचा गाडीवर लॅपटॉप टाकून आमच्याकडं आला आणि माडीवरच्या खोलीत गादीवर पसरला. तासाभरानं त्याच्या लॅपटॉपचा पंखा खाली पडवीत ऐकू यायला लागला. मग तो स्वतःच खाली आला. "मामा, लॅपटॉप गेला कामातून. ऊस तोडायला घेतला की अडकतोय. आता नवाच घ्यावा लागंल."

ऊस म्हणजे 'फार्मिंग सिम्युलेटर २२' या गेममधला. जायंट्स सॉफ्टवेअर या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचा हा गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. त्यात उसाची लावण आहे, तोडणीचं हार्वेस्टर आहे, आणि एकदा लावलेला ऊस तोडल्यावर परत फुटतो, म्हणजे खोडवासुद्धा आहे. ज्या तालुक्यात साखर कारखान्यावरून एका अख्ख्या वस्तीचं नाव पडलं, तिथल्या पोराला हा गेम आवडला यात नवल काही नाही.

मी वर गेलो. पडद्याच्या कोपऱ्यात त्यानं एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा आकडा लावून ठेवला होता. मोकळ्या रस्त्यावर ट्रॅक्टर चालताना तो ४० च्या आसपास होता. हार्वेस्टर फडात शिरलं की २४, २१, १९. सेटिंग उघडायला सांगितलं. वरपासून खालपर्यंत सगळं 'व्हेरी हाय'. लॅपटॉप चार वर्षांपूर्वीचा, जीटीएक्स १६५० कार्डाचा, कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी.

"सगळंच वर का ठेवलंस?"

"खाली केलं की घाण दिसतं, मामा. एकदा सगळं 'लो' करून बघितलं होतं मी. ऊस कुठला आणि गवत कुठलं, कळंना."

बहुतेक पोरं या दोनच टोकांना फिरतात. एक तर सगळं वर, नाहीतर सगळं खाली. मधली पंधरा-वीस बटणं प्रत्येकी काय काम करतात हे कुणी समजावून सांगत नाही, आणि त्यापायी चांगली चालणारी यंत्रं लोक मोडीत काढतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण शेतकऱ्याच्या घरातून लॅपटॉपसाठी पन्नास-साठ हजार रुपये निघतात तेव्हा ते कशातून निघतात हे आपल्याला माहीत असतं.

पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. सिनेमात ती सेकंदाला २४ असतात, पण ती आधीच काढून ठेवलेली असतात. गेममधलं प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्यानं काढावं लागतं, कारण तुम्ही ट्रॅक्टर कुठं वळवणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. ३० वर भागणार असेल तर ३३.३ मिलिसेकंद. १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९.

राहुरीच्या माणसाला हे पाटपाण्याच्या भाषेत लगेच उमगतं. मुळा धरणात २६ टीएमसी पाणी मावतं, पण आवर्तन सुटल्यावर आपल्या चारीला पाणी मिळतं ते ठरलेल्या तासांपुरतंच. वरच्यानं दारं धरताना वेळ खाल्ला की टेलचा माणूस कोरडा राहतो. चित्राच्या १६.६७ मिलिसेकंदांचंही अगदी तसंच आहे. सावल्यांनीच ९ मिलिसेकंद ओढून घेतले, तर ऊस, गवत, उजेड, धूळ, पाणी या सगळ्यांना मिळून साडेसात उरतात. तेवढ्यात भागलं नाही की चित्र उशिरा निघतं. इथं टेलला बसलेला असतो तो आपला हात. बटण दाबलं आणि ट्रॅक्टर पाव सेकंदानं वळला, असं जे जाणवतं ते त्यामुळंच.

म्हणून हिशेब एफपीएसपेक्षा मिलिसेकंदांत केलेला बरा. ३० वरून ४० वर जायला प्रत्येक चित्रामागं ८.३ मिलिसेकंद वाचवावे लागतात. १२० वरून १४४ वर जायला फक्त १.४ पुरतात. एखादं सेटिंग कमी केल्यानं २ मिलिसेकंद वाचत असतील, तर ३० एफपीएसच्या यंत्रावर आकडा ३२ च्या आत राहतो आणि १२० एफपीएसच्या यंत्रावर तोच जवळजवळ १५८ होतो. व्हिडिओत कुणी एका बटणानं अडतीस एफपीएस वाढवून दाखवले म्हणून आपल्या लॅपटॉपवर तसं होईल, हे म्हणूनच खरं नसतं. शिवाय सरासरीवर फार भरवसा ठेवू नये. सेकंदाला पन्नास चित्रं निघाली, पण त्यातलं एक १०० मिलिसेकंद घेऊन बसलं, तर आकडा चांगला दिसतो आणि डोळ्याला हिसका बसतोच. सलग ४० हे हिसके खाणाऱ्या ६० पेक्षा कितीतरी सुखाचे.

सेटिंगला हात लावण्याआधी मी लॅपटॉप गादीवरून उचलला. गादीत रुतल्यामुळं खालच्या जाळ्या पूर्ण बंद झाल्या होत्या. टेबलावर ठेवला आणि मागच्या बाजूला दोन पुस्तकं देऊन उचलून धरला. चिप तापली की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते. प्रोसेसरच्या बाबतीत हे साधारण ९० ते १०० अंशांच्या घरात सुरू होतं. खोलीतली हवा जितकी तापलेली, तितकी चिपही वर जाते. पावसाळ्यात २६ अंशाच्या खोलीत नीट चालणारा लॅपटॉप मे महिन्यात ३८ अंशाच्या खोलीत बारा अंशांचं ओझं घेऊनच कामाला बसतो. वरून आपल्याकडची काळ्या रानातली बारीक धूळ. ती पंख्याच्या मागच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखी बसते. वर्षातून एकदा मागचं झाकण खोलून ती उडवावी. फक्त हवा मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरावं, नाहीतर ते भलत्याच वेगानं फिरून खराब होतं.

दहा मिनिटांत रस्त्यावरचा आकडा ४० वरून ४६ वर गेला. एकही बटण न दाबता. आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. लाईट गेल्यावर बॅटरीवर खेळताना गेम मंदावतो तो बिघाड नव्हे. ग्राफिक्स चिपला जितकी वीज लागते तितकी बॅटरी देऊ शकत नाही, म्हणून लॅपटॉप स्वतःच हात आखडता घेतो.

फोनला तर पंखाच नाही. आपल्याकडची बहुतेक पोरं फोनवरच खेळतात, आणि २ जुलै २०२१ ला 'बीजीएमआय' हा गेम आल्यापासून त्याच्या सेटिंगमधल्या दोन ओळी सगळ्यांना पाठ आहेत. एक ओळ चित्राच्या दर्जाची, दुसरी फ्रेमच्या वेगाची. चांगली खेळणारी पोरं दर्जा 'स्मूथ'वर आणि वेग 'एक्स्ट्रीम'वर, म्हणजे ६० वर ठेवतात. पाळी कुणाला द्यायची याचा निर्णय त्यांनी कुणी न शिकवता घेतलेला असतो. फक्त तापलेला फोन चार्जिंगला लावून खेळू नये. चार्जिंगची उष्णता आणि चिपची उष्णता एकाच पातळ पत्र्यातून बाहेर पडते, आणि पंधरा मिनिटांत ६० चे ४० होतात.

परत लॅपटॉपकडं. पुढचा प्रश्न होता, अडतंय कुठं? गेमचं काम दोघं मिळून करतात. प्रोसेसर हा मुकादम. कुठलं वाहन कुठं आहे, चाक खड्ड्यात गेलं का, कुठली वस्तू कशी काढायची, हे तो ठरवतो आणि हुकूम देतो. ग्राफिक्स चिप ही टोळी, हजाराच्या आसपास कोयत्यांची. एकेकटा कोयता साधा, पण सगळे एकाच वेळी चालतात आणि पडद्याचा एकेक ठिपका रंगवतात. मुकादमच हुकूम द्यायला उशीर करत असेल तर टोळी बांधावर बसून राहते, आणि तिथं सावल्या कमी करून फारसा उपयोग होत नाही. हे ओळखायची सोपी रीत आहे. रेझोल्युशन एकदम खाली आणायचं. आकडा उडी मारून वर गेला तर टोळीवर ताण होता. जागचा हलला नाही तर मुकादम अडकलाय, आणि मग गर्दी, रहदारी, लांबवरच्या वस्तू ही सेटिंगं बघायची.

आम्ही फडात हार्वेस्टर उभं केलं आणि १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणलं. २२ चे ३४ झाले. म्हणजे ताण टोळीवर होता.

या उडीचं कारण साध्या गुणाकारात आहे. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६००. निम्म्याहूनही कमी. शहरातल्या दुकानात 'फोरके' म्हणून जो पडदा दाखवतात त्यात ८२,९४,४०० ठिपके असतात, आपल्या साध्या पडद्याच्या बरोबर चौपट. मोठा पडदा घेताना ही चौपट मजुरी कोण करणार, हा विचार आधी करावा. पण रेझोल्युशन थेट उतरवलं की अक्षरं, नकाशा, सगळंच धुरकट होतं, कारण पडद्याचे ठिपके ठरलेले असतात आणि लहान चित्र त्यांवर ताणून बसवावं लागतं. त्यापेक्षा बऱ्याच गेममध्ये 'रेझोल्युशन स्केल' असतं ते वापरावं. त्यात देखावा तेवढा कमी ठिपक्यांत निघतो आणि अक्षरं मूळ रेझोल्युशनमध्येच स्वच्छ राहतात.

आता सावल्या आणि झाडोरा. आमच्या फडातला खरा खर्च इथंच होता.

गेममध्ये सावली कशी पडते? १९७८ साली लान्स विल्यम्स यांनी मांडलेली युक्ती आजही बहुतेक गेमच्या मुळाशी आहे. आधी सूर्याच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि तिथून देखावा काढायचा. रंग नाही, फक्त प्रत्येक ठिकाणी सूर्याला सगळ्यात जवळची वस्तू किती अंतरावर दिसते, एवढंच टिपून ठेवायचं. मग आपल्या नजरेनं खरं चित्र काढताना प्रत्येक ठिपक्याला विचारायचं, तू सूर्याला दिसत होतास का? मध्ये कुणी आडवं आलं असेल तर तो ठिपका सावलीत. म्हणजे सावल्या चालू केल्या की अख्खा देखावा एकदा जास्तीचा काढावा लागतो. मोकळ्या रानाच्या गेममध्ये तर जवळचा, मधला आणि लांबचा असे तीन-चार वेगवेगळे नकाशे करतात, म्हणजे काम आणखी वाढतं. सूर्याच्या नकाशाची बाजू २०४८ वरून ४०९६ केली की घरं दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. सावलीची कड जरा रेखीव दिसते आणि तिची किंमत ही अशी मोजली जाते.

त्यात ऊस. गेममधलं उसाचं पान म्हणजे त्रिकोणांची चपटी पट्टी, तिच्यावर पानाचं चित्र चिकटवलेलं आणि पानाभोवतीचा भाग पारदर्शक. भिंत असती तर तिच्या मागचं काही दिसत नाही म्हणून सोडून देता आलं असतं. फडात मात्र पुढच्या पानाच्या फटीतून मागचं पान दिसतं, त्याच्या फटीतून त्याच्या मागचं. पडद्यावरचा एकच ठिपका चार-पाच वेळा तपासावा आणि रंगवावा लागतो. हेच सगळं सूर्याच्या बाजूनंही पुन्हा एकदा. म्हणून मोकळ्या रस्त्यावर ४६ दाखवणारं यंत्र फडात शिरलं की गुडघ्यावर येतं. हार्वेस्टरचा त्यात काही दोष नाही.

आणि अंतर. झाडोरा किती लांबपर्यंत काढायचा याचं एक सेटिंग असतं. ते ८० मीटरवरून १६० केलं तर वाटतं, दुप्पट केलं. पण शेत ही लांबी नाही, क्षेत्र आहे. अंतर दुप्पट झालं की क्षेत्र चौपट, ऊस चौपट. ही गोष्ट भाच्याला समजवावी लागली नाही. त्यानंच म्हटलं, "म्हणजे एकराचं चार एकर झालं की." लांबच्या त्या तीन जादा एकरांतली पानं पडद्यावर एकेका ठिपक्याएवढीसुद्धा नसतात. ती काढायला टोळीची निम्मी पाळी घालवणं मला पटत नाही.

आम्ही झाडोऱ्याचं अंतर दोन घरं खाली आणलं. सावल्या 'व्हेरी हाय'वरून 'मीडियम'वर. रेझोल्युशन परत १०८० वर नेलं. फडात ३९.

त्यानं आनंदानं टेक्स्चरचं बटणही खाली ओढलं. मी परत वर करायला लावलं.

टेक्स्चर म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं. मातीचा पोत, टायरची नक्षी, पत्र्यावरचा गंज. ही चित्रं कार्डाच्या मेमरीत पडून असतात. जागा पुरत असेल तोवर मोठं टेक्स्चर वापरायला वेगात जवळजवळ काहीच खर्च येत नाही. जागा संपली की मात्र गाडं अडतं. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र दाबून बसवलं नाही तर ६४ एमबी घेतं, नेहमीच्या पद्धतीनं दाबलं की १६ एमबी. चित्राची बाजू निम्मी केली की ४ एमबी. जीटीएक्स १६५० ची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबी पुरवते. तिथं न मावलेलं चित्र मुख्य रॅममधून आणावं लागतं, आणि ती वाट जास्तीत जास्त १६ जीबीची आहे, म्हणजे आठपटींनी अरुंद. ४ जीबीच्या कार्डावर मान वळवली की क्षणभर जो हिसका बसतो तो बहुधा इथला असतो. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर ही मेमरी किती भरली ते दिसतं. आमची तीन जीबीच्या आतच होती. म्हणून टेक्स्चर वर. त्याच्याच शेजारचं 'अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग' थेट १६ वर. नाव अवघड आहे, पण त्यामुळं तिरप्या नजरेनं दिसणारा रस्ता आणि सऱ्या लांबपर्यंत स्वच्छ राहतात, आणि आजच्या कार्डांना त्याचं ओझं वाटत नाही.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळं कार्डच नाही, त्यांनी सेटिंगच्या आधी रॅमकडं बघावं. अशा यंत्रात ग्राफिक्स चिप मुख्य रॅमच वापरते. स्वस्त लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच पट्टी लावलेली असते आणि शेजारची खाच मोकळी. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन पट्ट्या मिळून ५१.२. इंटेलची 'आयरिस एक्सई' चिप एकाच पट्टीवर असेल तर विंडोज तिला 'यूएचडी' असं धाकट्या नावानंच दाखवतं. अशा लॅपटॉपला दुसरी पट्टी लावली की गेम जितका सुधारतो तितका कुठल्याही बटणानं सुधारत नाही. नवीन लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

चित्राच्या कडांवर पायऱ्या दिसतात त्या मऊ करायला 'अँटी-अलायझिंग' असतं. त्याच्या अनेक जाती आहेत. एमएसएए जुनी आणि महाग, एफएक्सएए स्वस्त पण सगळंच किंचित पुसणारी, टीएए आधीच्या चित्रांची मदत घेणारी, जिच्यात हलणाऱ्या पानांमागं कधीकधी धुरकट शेपटी राहते. याच वाटेनं पुढं गेलेली गोष्ट म्हणजे चित्र लहान काढून हुशारीनं मोठं करणं. एनव्हिडियानं २०१८ मध्ये आरटीएक्स कार्डांबरोबर डीएलएसएस आणलं, एएमडीनं जून २०२१ मध्ये एफएसआर. पहिल्याला आरटीएक्स कार्ड लागतं. दुसरं आमच्या १६५० सारख्या जुन्या कार्डावरही चालतं. 'क्वालिटी'वर ठेवलं तर १०८० च्या पडद्यासाठी आत १२८० बाय ७२० चं चित्र निघतं आणि मग ते वाढवून, कडा सावरून दाखवलं जातं.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या 'डूम'मध्ये संगणक दमला की एफ५ दाबायची सोय होती. मग गेम आडव्या दिशेनं निम्मेच ठिपके मोजायचा आणि प्रत्येक ठिपका दोनदा छापायचा. अधिक-उणेच्या बटणांनी चित्राची चौकटसुद्धा लहान करता यायची. तेव्हाही दुबळ्या यंत्रावर खेळणारी माणसं होती आणि गेम बनवणाऱ्यांना त्यांची आठवण होती. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

अलीकडं 'फ्रेम जनरेशन' निघालंय, दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक कल्पनेनं घालायचं. त्यासाठी पुढचं खरं चित्र थोपवून धरावं लागतं, म्हणून हाताला उशीर जाणवतो. मुळात साठेक चित्रं निघत असतील तर ठीक. वीस-पंचवीसवर रखडणाऱ्या यंत्राला त्याचा आधार देऊ नये.

मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, कडांना रंग फाकवणारं क्रोमॅटिक अॅबरेशन ही सगळी आवडीची बाब. मी ती पहिल्यांदा बंद करतो. अँबियंट ऑक्लूजन मात्र, म्हणजे वस्तू जिथं जमिनीला टेकते तिथला हलका काळोख, पहिल्या पायरीवर का होईना ठेवतो. क्रायटेक कंपनीच्या 'क्रायसिस'नं २००७ मध्ये पडद्यावरच्या चित्रातूनच हा काळोख अंदाजानं काढायची स्वस्त पद्धत आणली आणि ती सगळीकडं पसरली. ते बंद केलं की ट्रॅक्टर मातीवर उभा वाटत नाही, मातीच्या वर तरंगतो.

भाच्याच्या मनात एक शंका होती ती त्यानं इथं बोलून दाखवली. 'मीडियम' म्हणजे आपण गेम अर्धाच बघतोय का? तसं त्याला वाटणं साहजिक आहे, कारण सेटिंगांची नावंच परीक्षेतल्या श्रेणीसारखी ठेवतात. मी त्याला 'राजी'चं उदाहरण दिलं. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला गेम. राजस्थानी वाडे-किल्ले आणि पहाडी चित्रशैली यांच्या आधारानं उभा केलेला. तो ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आला, आणि ऑक्टोबरात पीसीवर. स्विच हे हातात धरायचं यंत्र. त्याची चिप २०१५ च्या पिढीची, स्वतःचा पडदा १२८० बाय ७२० चा. म्हणजे ज्यांनी गेम घडवला त्यांनी स्वतःच आधी खालच्या घरातली बटणं निवडली आणि तो जगापुढं ठेवला. कॅमेरा लांब आणि उंच, नजर नक्षीवर आणि रंगांवर, त्यामुळं कमी केलेलं कुठं खटकत नाही. हा गेम अनरियल इंजिन ४ वर आहे. त्या इंजिनात मुळातच 'लो'पासून 'एपिक'पर्यंतच्या पायऱ्या करून दिलेल्या असतात, सावल्यांच्या वेगळ्या, झाडोऱ्याच्या वेगळ्या, टेक्स्चरच्या वेगळ्या, म्हणजे ज्याला त्याला आपल्या यंत्राप्रमाणे वाटून घेता यावं. सगळ्यात वरची पायरी बऱ्याचदा पुढं येणाऱ्या कार्डांसाठी ठेवलेली असते. मग त्याच्या उसाच्या गेममधली 'हाय' आणि 'व्हेरी हाय' यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवून भाच्याला फरक शोधायला लावला. पाच मिनिटं बघून त्याला एका गोदामाच्या सावलीची कड सापडली.

शेवटचं काम वेग बांधून देण्याचं. एफएसआर क्वालिटीवर ठेवल्यावर फडात आकडा ५२ ते ५८ च्या मध्ये फिरायला लागला आणि रस्त्यावर ७० च्या वर. पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा ताजा होणारा. चित्र त्याच्या तालावर आलं नाही तर एका चित्राचं डोकं आणि दुसऱ्याचं धड असं फाटलेलं दिसतं. व्ही-सिंक चालू केलं की फाटत नाही, पण ताल चुकला की चित्र पुढच्या फेरीपर्यंत थांबतं. मग एक चित्र दोन फेऱ्या, एक तीन फेऱ्या, अशी लंगडी चाल सुरू होते. म्हणून पडद्याच्या वेगाला पूर्ण भाग जाईल असा आकडा निवडायचा. १४४ ला ३ नं भागलं की ४८. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ४८ केला. प्रत्येक चित्राला २०.८ मिलिसेकंद, आणि प्रत्येक चित्र पडद्यावर बरोबर तीन फेऱ्या. गोळीबाराचा गेम असता तर मी ७२ साठी आणखी काटछाट केली असती. ट्रॅक्टरला ४८ पुरतात. ५८ निघत असताना ४८ वर बांधल्यानं टोळीला श्वास घ्यायला जागा राहते, चिप थंड राहते. पंखा खाली पडवीत ऐकू यायचा बंद झाला.

तेवढ्या शिलकीत काय वाढवायचं, असं त्याला विचारलं. मला वाटलं होतं, तो झाडोऱ्याचं अंतर म्हणेल. त्यानं सावल्या एक घर वर नेल्या. आकडा ४८ वरच राहिला. मग गेममधली वेळ पुढं ढकलून त्यानं संध्याकाळ केली आणि हार्वेस्टर फडाच्या कडेनं हळूहळू चालवलं. उसाच्या पानांच्या लांब सावल्या बोनेटवरून सरकत होत्या, एकही हिसका न खाता.

बराच वेळ तो बोलला नाही. मग हार्वेस्टर थांबवून पडद्याजवळ वाकला.

"मामा, सगळा ऊस एकाच उंचीचा आहे बघा. एकसुद्धा लोळलेला नाही."